अहेवाचा हात

बायनाबाई भित्री होती. तिची निंदा करायची म्हणून हे सांगणं नाही. मानवत गावात जो तो हे जाणून होता आणि ती स्वतःही कबूल करायची. आढ्यावरून पाल पडली की ती किंचाळायची. गल्लीच्या तोंडाशी पोलिसाची पगडी दिसली की डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढून आत जायची. उर्दू अक्षरांचा लिफाफा कुणी हातात दिलाच, तर तो आधी देवापुढं ठेवायची आणि मग वाचून घ्यायला माणूस शोधायची. आणि अशा बाईच्या नशिबी काय यावं, तर ज्या घरात एकही जितं माणूस राहत नाही अशा घराच्या दारात बावीस वर्षं संसार करणं.

ते घर म्हणजे बन्सीधरशेटची कोठी. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत तीन मजल्यांची, सागवानी खांबांची. कापसाच्या व्यापारात मोठा झालेला हा शेट होऊन गेला त्याला शंभर वर्षं झाली असतील. पुढं वंश खुंटला. शेवटची जी विधवा सून उरली, तिनं मरताना कोठी सरकारला देऊन टाकली, आणि अट घातली की घरातली खुंटीसुद्धा हलवायची नाही. जसं आहे तसं लोकांना बघू द्यायचं. तेव्हा राज्य हैदराबादचं; तिथं जुन्या वास्तूंचं खातं, म्हणजे महकमा होता, त्यानं ते मान्य केलं. दारावर उर्दू आणि मराठी पाटी लागली, कुलूप लागलं आणि एक राखणदार नेमला गेला. तो राखणदार आश्रुबा, बायनाबाईचा नवरा. चुडाव्याकडचा कुणब्याचा मुलगा. भाऊ चार आणि जमीन एकालाच पुरेल एवढी, म्हणून चाकरीला लागलेला. राहायला कोठीचीच देवडी मिळाली, म्हणजे मोठ्या दरवाजाच्या आतली, पूर्वी पहारेकऱ्यांची असलेली खोली.

आश्रुबा माणूस गमत्या. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून लोक कोठी बघायला यायचे, वहाणा बाहेर काढून रांगेनं आत शिरायचे, आणि हा काठी टेकत पुढं चालायचा. "हे शेटजीचं घंगाळ. दोघांबिगर उचलत न्हाई. ह्यो झोपाळा. ह्याच्यावर बसायचं न्हाई." तो असं म्हणायचा आणि कुणीतरी हटकून बसायचंच. मग तो खोटंखोटं रागवायचा, लोक हसायचे. पुरुषांना बंदूक आणि हुक्का बघायचा असे. बायका मात्र एकाच गोष्टीसाठी येत. देवघराच्या दाराशेजारी भिंतीवर उमटलेला तांबडा हात.

तो हात चतुराबाईचा. बन्सीधरशेटची थोरली सून, अकरा वर्षांची नवरी होऊन या घरात आली, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि रीतीप्रमाणं कुंकवात हात भिजवून देवघराच्या भिंतीवर उठवला. पुढं सत्तर वर्षं नांदली आणि नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून अहेव गेली, कपाळावर कुंकू घेऊन. असं मरण कुठल्या बाईला नको असतं? दर शुक्रवारी मानवतातल्या सवाष्णी यायच्या, त्या हाताला कुंकवाचं बोट लावायच्या आणि तेच बोट आपल्या कपाळाला टेकवायच्या. महकम्याच्या नियमात हे बसत नव्हतं. पण आश्रुबा त्या वेळी बाहेर जाऊन विडी ओढायचा.

बायनाबाईनंही बावीस वर्षं तेच केलं होतं. आतल्या खोल्यांची तिला भीती वाटे, दिवेलागणीनंतर ती चौकाच्या पुढं पाऊल टाकत नसे, पण शुक्रवारी धीर करून त्या हातापर्यंत जायची.

आणि तरीही फाल्गुनात आश्रुबा गेला. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी आटोपलं. त्याच देवडीत.

दिवस घालायला भावकी आली. नणंद पार्वतीबाई चुडाव्याहून आगगाडीनं आली, सोबत बायनाबाईच्या दोन जावा. नणंद कामाची वाघीण आणि मनानं चांगली. भावासाठी रडली, वहिनीला उठून पाणी दिलं, आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी पदर खोचून सुतक काढायला लागली. सुतक काढायचं म्हणजे माणूस गेलेलं घर सारवायचं आणि पांढऱ्या मातीच्या कालवणात फडकं बुडवून भिंती पोतारायच्या. देवडी झाली. मग पार्वतीबाईनं आढ्याकडं बघितलं.

"छप्पर एकच हाय की," ती जावांना म्हणाली. "एका छपराखालचं सुतक सगळ्या घराला. अर्धं काढून कसं भागल?"

बायनाबाई कोपऱ्यात तोंड झाकून बसली होती. आपल्या कमरेच्या किल्ल्या कुणी घेतल्या, आत कोण गेलं, तिला काही कळलं नाही. ज्या बाईचा नवरा जाऊन बारा दिवस झालेत तिला काय कळणार? नणंद चुडाव्याची, तिनं त्या हाताबद्दल ऐकलं असेल नसेल. मळक्या भिंतीवर एक काळपट तांबडा डाग, एवढंच तिला दिसलं असणार. संध्याकाळपर्यंत तिघींनी सगळा खालचा मजला लख्ख केला. तेरावं झालं, आणि पार्वतीबाई वहिनीच्या गळ्यात पडून रडून, गाडी गाठायला निघून गेली.

दोन दिवसांनी गोविंदराव आले. तहशिलीतले कारकून, कोठीची देखरेख त्यांच्याकडं असे. मध्यम वयाचे, चष्मा लावणारे, वरिष्ठांचं नाव काढलं तरी उपरण्यानं मान पुसणारे. ते देवडीच्या बाहेरच उभे राहिले.

"बाई, मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. आश्रुबाच्या जागी तुम्हालाच ठेवावं म्हणून. बाईमाणसाला अशी जागा देत नाहीत, पण महकम्याचे मोठे अधिकारी, मोहतमीम साहेब, स्वतः येताहेत परवा मुआयना करायला, सगळं तपासायला. सगळं जिथल्या तिथं दिसलं तर हुकूम होईल. नाहीतर…" त्यांनी मान पुसली. "नाहीतर देवडी सोडावी लागेल. आणि काही हललं, मोडलं असेल तर जबाबदारी. सरकारी माल आहे. साहेबांना तो हात हटकून बघायचा आहे."

ते गेले. बायनाबाईनं किल्ल्या घेतल्या आणि चौक ओलांडून देवघराशी गेली. भिंत पांढरीशुभ्र होती.

तिला आधी वाटलं, आपण चुकीच्या भिंतीशी आलो. तिनं दुसरी भिंत बघितली, मग परत ही. मग ती मटकन खाली बसली. सरकारी माल! कुणाला सांगणार, नणंदेनं सुतक काढलं म्हणून? नणंदेला पोलीस नेतील. आपल्याला नेतील. परभणीच्या जेलात बायकांना वेगळं ठेवतात की नाही, हेही तिला माहीत नव्हतं. आणि नेलं नाही तरी जायचं कुठं? दिरांच्या घरी भाकरीच्या तुकड्यासाठी? लेक कमल पाथरीला दिलेली. लेकीच्या सासरी जाऊन राहायचं? तिनं पदरानं भिंत पुसून बघितली, नखानं माती खरवडून बघितली. खाली काही उरलं नव्हतं. पार्वतीबाईनं आधी ओल्या फडक्यानं घासून मग पोतारलं होतं. काम करायचं तर नीट करायचं, अशी ती बाई.

रात्रभर विचार करून करून दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवून आडवी झाली असताना, बायनाबाई पुन्हा आत आली आणि दाराला आतून कडी घातली.

हात उठवायचा होता. त्यासाठी कुंकू हवं. तिच्या घरात कुंकू कुठलं! ते तिच्या कपाळावरून पुसलं गेलं आणि कुंकवाची डबी नवऱ्याबरोबर नदीवर गेली. दुकानात जाऊन विधवेनं कुंकू मागितलं तर तासाभरात गावभर होईल. कोठीत कुंकू एकाच ठिकाणी होतं. काचेच्या कपाटात चतुराबाईचा चांदीचा करंडा होता, आणि त्याच्या तळाशी वाळून पापुद्रा झालेली पिंजर.

करंडा काढताना झाकण दोनदा खाली पडलं. त्या आवाजानं वरच्या मजल्यावरची पारवी फडफडली आणि बायनाबाई भिंतीला पाठ लावून किती तरी वेळ तशीच उभी राहिली. कुणीतरी वर चालतंय, असं तिला वाटत होतं. "आई, रागवू नगंस," ती पुटपुटली. "मी चोर न्हाई. मला जागा न्हाई दुसरी." मग तिनं पिंजर खरवडली, तेल घातलं, रंग जुना दिसावा म्हणून चुलीची काजळी आणि थोडी राख कालवली. ते सगळं थाळीत ओतलं आणि तळहात बुडवला.

पंधरा दिवसांपूर्वी विधवा झालेली बाई, आणि हात कुंकवात! कुंकवाला नुसतं बोट लागलं तरी पाप, असं तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तिला वाटलं, आता अंगाला आग लागेल, नाहीतर वाचा जाईल. काहीच झालं नाही. तेल तेवढं गार लागलं. तिनं डोळे गच्च मिटले, हात भिंतीवर दाबला आणि काढला. नंतर गोवरीचा धूर दिला, कोरड्या फडक्यानं रंग थोडा उडवला, शेजारच्या भिंतीही धुरानं मळवल्या. हात मात्र तिनं विहिरीवर तीनदा धुतला, मातीनं, मग राखेनं, मग पुन्हा मातीनं. तरी नखांच्या कडा तांबड्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा तिनं हात पदराखाली धरला होता.

मोहतमीम साहेब म्हातारे, शेरवानीतले, चालताना दम लागणारे. घंगाळ बघितलं, झोपाळा बघितला, आणि तेही क्षणभर त्यावर टेकले. त्यांना कोण अडवणार? मग देवघराशी आले आणि भिंतीला नाक लावून बघू लागले. मागं गोविंदराव, त्यांच्या मागं दाराआड बायनाबाई.

"दुल्हन की उमर क्या थी?" साहेबांनी विचारलं.

बावीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं बायनाबाईच्या तोंडून आपोआप निघालं. "अकरा वर्सं जी."

म्हटलं आणि जीभ चावली. साहेब मागं वळले. "ग्यारह बरस? इत्ता बड़ा हाथ?"

आता संपलं, हे बायनाबाईला स्पष्ट दिसलं, आणि संपलंच आहे तर बोलायला काय हरकत, अशा कुठल्या तरी वेड्या धीरानं ती बोलली, "माहेर गरिबाचं व्हतं, सरकार. लहानपणापून दळलं की हात थोराड व्हतो."

साहेब हसले. "सच बोलती है," असं गोविंदरावांना म्हणाले आणि जिन्याकडं वळले. गोविंदराव मात्र लगेच हलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, भिंतीकडं बघितलं, पुन्हा काढून पुसला. मग साहेबांची हाक आली तसे धावत वर गेले.

आठ दिवसांनी हुकूम आला. जागा बायनाबाईची झाली, देवडी राहिली. तिनं लिफाफा देवापुढं ठेवला आणि पोटभर रडली. संकट टळलं असं तिला वाटलं. किती भोळी!

कारण मग शुक्रवार आला. सवाष्णी आल्या, नेहमीसारख्या हसत, बोलत, बांगड्या वाजवत. आणि बायनाबाईच्या डोळ्यांदेखत एकेकीनं भिंतीवरच्या त्या हाताला कुंकू लावलं आणि तेच बोट कपाळाला टेकवलं. साहेबाच्या भीतीपायी हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. गावातल्या झाडून सगळ्या लेकीसुना विधवेच्या हाताचं कुंकू लावून घरी चालल्या होत्या! सांगावं तर जेल, न सांगावं तर हे.

जेठात भुजंग सोनार पटकीनं गेला. त्याची बायको पंधरा दिवसांपूर्वीच हाताला कुंकू लावून गेली होती, चांगली हौसेनं, नव्या लुगड्यात. त्या साली पटकीनं गावात वीस माणसं गेली, त्यांतल्या निम्म्यांच्या घरचं कुणी कोठीत कधी फिरकलंही नव्हतं. पण भीतीला असला हिशेब कुठं कळतो? बायनाबाईला एकच दिसत होतं, की सोनारणीचं कुंकू तिच्या हातानं गेलं. दोन दिवस ती जेवली नाही.

तिनं मग भिंतीपुढं आडवी दोरी बांधली. "साहेबाचा हुकूम हाय. लांबूनच बघायचं." बायकांनी "बरं बरं" म्हटलं आणि दोरीखालून वाकून गेल्या. तिनं ओरडून बघितलं, हात जोडून बघितलं. "आश्रुबा लय चांगला व्हता, ही लय खाष्ट निघाली," असं गावात झालं. शुक्रवारी पोट दुखतंय म्हणून कोठी बंद ठेवली, तर बायका शनिवारी आल्या.

श्रावणात पंचमीला कमल माहेरी आली. पाथरीहून बैलगाडीत, एकटी, आणि तिचा चेहरा बघूनच बायनाबाई हातातलं काम टाकून उठली.

"त्यायला मोतीझरा झालाय, माय," कमल म्हणाली. तिचा नवरा लिंबाजी, चोवीस वर्षांचा पोरगा. "एकवीस दिस झाले. ताप उतरंना. वैद्य म्हनला, आता देवावर. मी पंचमीला न्हाई आले. मी अहेवाच्या हाताला आले. कुंकू लावून जाते, सांजच्याला परत जायाचं हाय." तिनं पदराची गाठ सोडली. आत कुंकवाची पुडी होती.

"आधी भाकर खा."

"न्हाई. उपाशी लावीन म्हनून बोललेय मी."

"आज… आज गोविंदराव आलेत आत. वस्तू तपासायलेत. उद्या बघू."

"उद्या कुठला, माय? तिथं मानूस तळमळायलाय!" कमल उठली आणि चौक ओलांडून गेलीसुद्धा.

बायनाबाई मागं धावली. गोविंदराव खरंच आत होते, कपाटापाशी वही घेऊन उभे. कमल दोरीखालून वाकली. पुडीत बोट बुडवलं. तिचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तांबडं बोट त्या भिंतीकडं चाललं होतं. एका बाजूला कारकून, हुकूम, देवडी, जेल. दुसऱ्या बाजूला लिंबाजी. आयुष्यभर जी बाई पालीला भ्याली, तिला विचार करायला श्वासभर वेळ होता.

तिनं झडप घालून लेकीचं मनगट धरलं. "नगं, कमल! हात लावू नगंस त्याला. त्यो अहेवाचा हात न्हाई. माझा हाय."

कमलला काही कळेना. बायनाबाईनं मग सगळं सांगून टाकलं, भडाभडा, गोविंदरावांच्या देखत: नणंद, पोतारा, करंडा, सगळं. "सोनारणीचं कपाळ मी पुसलं. तुझं न्हाई पुसायची. मला नेऊ दे कुठं न्यायचं तिथं," असं म्हणून ती थांबली.

गोविंदरावांनी मान पुसली. साहेबांच्या मुआयन्याच्या अहवालावर त्यांचीही सही होती. "बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिच्याहून जास्त कापत होता, "मला अलीकडं कमी ऐकू येतं. मी काही ऐकलं नाही. ऐकायचंच असतं तर चैत्रात, ही भिंत बघितली तेव्हाच ऐकलं असतं." त्यांनी वही मिटली आणि कुणाकडंही न बघता बाहेर गेले.

कमल भिंतीकडं बघत होती. मग आईच्या हाताकडं. बायनाबाई वाट बघत होती, पोर आता रडेल, शिव्या देईल, पाठ फिरवून जाईल.

"दळून दळून असाच झालाय," कमल हळूच म्हणाली. "भिंतीवरचा वळखायला पायजे व्हता मला." आणि तिनं पुडी खाली ठेवली, आईचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. "मंग भिंतीवरचा कशाला? ह्योच दे. म्हन, त्यायला बरं वाटंल म्हन."

"सोड! बाधंल गं, सोड!" बायनाबाई हात ओढू लागली. तिनं पुष्कळ ओढलं. पण पोरीचे हातही दळणाचेच होते. तिनं सोडला नाही. शेवटी बायनाबाईनं डोळे गच्च मिटले आणि, भीत भीत, म्हटलं.